तेवीस हजार लिटर उरलेला द्राव: चॉक रिव्हरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हाडांचा स्कॅन, हृदयाच्या स्नायूंपर्यंत रक्त पोचतंय का याची चाचणी, मूत्रपिंडाची तपासणी: अणुवैद्यकातल्या बहुतेक तपासण्या टेक्नेशियम-९९एम या एकाच समस्थानिकावर चालतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा माल नाहीसा व्हायला लागणारा वेळ, ६ तासांचं, त्यामुळे त्याचा साठा करता येत नाही. रुग्णालयात पोचतो तो त्याचा जनक, मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. जनरेटर नावाच्या शिशाच्या आवरणातल्या छोट्या स्तंभात तो भरलेला असतो आणि तंत्रज्ञ रोज सकाळी सलाइनने धुऊन त्यातून टेक्नेशियम काढून घेतात.

हा मॉलिब्डेनम बनवण्याची जगभर रुळलेली रीत म्हणजे युरेनियमचं विखंडन. युरेनियम-२३५चे १०० अणू फुटले की त्यातून साधारण ६ मॉलिब्डेनम-९९चे अणू मिळतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, ओटावा नदीकाठी चॉक रिव्हर इथे १९५७ साली सुरू झालेली एनआरयू ही अणुभट्टी हे काम अनेक दशकं करत होती. जगातल्या पुरवठ्याचा तिसऱ्या भागाहून अधिक वाटा एके काळी या एका भट्टीचा होता. मे २००९ मध्ये जड पाण्याची गळती सापडून ती सव्वा वर्ष बंद राहिली, तेव्हा जगभर स्कॅनच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या.

बातम्यांमध्ये भट्टीची चर्चा झाली. मॉलिब्डेनम काढून घेतल्यावर मागे उरणाऱ्या युरेनियमची चर्चा फारच थोडी झाली. हे प्रकरण त्या उरलेल्या युरेनियमचं आहे. संस्था आणि ठिकाणं जाहीर असल्यामुळे नावानिशी दिली आहेत, व्यक्तींची नावं दिलेली नाहीत.

टाकीत नेमकं काय होतं

एनआरयूमध्ये टार्गेट म्हणून, म्हणजे न्यूट्रॉनच्या माऱ्यासाठी, युरेनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, अ‍ॅल्युमिनियमचं आवरण असलेल्या कांड्या वापरत. त्यातलं युरेनियम अमेरिकेतून आलेलं, ९३ टक्के युरेनियम-२३५ असलेलं, म्हणजे शस्त्रात वापरता येईल अशा दर्जाचं. कांड्या भट्टीत न्यूट्रॉन झेलून बाहेर आल्या की हॉट सेलमध्ये, म्हणजे जाड आडोशामागून दुरून काम करायच्या खोलीत, नायट्रिक आम्लात विरघळवायच्या. इथे पहिली अडचण येते. नायट्रिक आम्लात अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट पापुद्रा धरतो आणि विरघळणं जवळजवळ थांबतं. तो पापुद्रा मोडण्यासाठी उत्प्रेरक म्हणून मर्क्युरिक नायट्रेट घालतात. मग हा द्राव अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभातून सोडला की मॉलिब्डेनम स्तंभाला चिकटतो, बाकी सगळं खाली वाहून जातं. चिकटलेला मॉलिब्डेनम अमोनियाच्या द्रावाने सोडवून घेतात.

‘बाकी सगळं’ या दोन शब्दांत सगळी गोम आहे. टार्गेटमधल्या युरेनियम-२३५पैकी जेमतेम १ ते ३ टक्के जळतं. ९७ टक्क्यांहून अधिक तसंच उरतं, आणि समृद्धीही, म्हणजे एकूण युरेनियममधलं युरेनियम-२३५चं प्रमाण, जवळपास तेवढीच राहते. म्हणजे खाली वाहून गेलेल्या द्रावात युरेनिल नायट्रेट, अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट, पारा आणि सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० यांसारखे विखंडनातून आलेले किरणोत्सारी पदार्थ असा एकत्र मामला असतो. याला कचरा म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. कचरा मिसळलेलं, जवळजवळ अख्खं इंधन असं त्याचं खरं वर्णन होईल.

१९८६ ते २००३ या काळात हा द्राव एका जमिनीखालच्या, दुहेरी भिंतीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीत जमा होत गेला. टाकीचं लघुनाव ‘फिस्ट’, म्हणजे विखंडनक्षम द्राव साठवण टाकी. अखेरीस तिच्यात २३,००० लिटरहून अधिक द्राव होता. लिटरमागे ७ ग्रॅमच्या आसपास युरेनियम धरलं तर एकूण १६० किलोच्या घरात जातं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अतिसमृद्ध युरेनियमच्या हिशेबात २५ किलो युरेनियम-२३५ हे महत्त्वाचं परिमाण मानते, म्हणजे ज्यातून एक अण्वस्त्र बनण्याची शक्यता नाकारता येत नाही एवढा माल. इथे त्याच्या जवळपास सहापट माल एका टाकीत होता.

टाकी भरत आल्यावर २००३ पासून रीत बदलली. नवा द्राव टाकीत न घालता सिमेंटमध्ये मिसळून डब्यांत घट्ट करायला सुरुवात झाली. एकाच प्रक्रियेतून निघालेलं, एकाच दर्जाचं युरेनियम त्या वर्षापासून दोन रूपांत पडून राहिलं: टाकीत द्रवरूप आणि डब्यांत सिमेंटरूप. पुढचं सगळं प्रकरण या फरकावर फिरतं.

अडचण

टाकीतला द्राव शांत दिसतो, पण तो आपोआप शांत राहत नाही. धोका कुठे असतो ते आकड्यांतून नीट कळतं.

पाण्यातल्या युरेनियम-२३५ची साखळी अभिक्रिया (एका अणूतून निघालेल्या न्यूट्रॉनने पुढचा अणू फुटत जाणं) सर्वांत अनुकूल परिस्थितीत ८०० ग्रॅमच्या आसपास वस्तुमानातही पेटू शकते. टाकीत त्याच्या जवळपास दोनशेपट युरेनियम होतं. तरी ते सुरक्षित होतं, कारण लिटरमागे साधारण १२ ग्रॅमच्या खाली तीव्रता असली की टाकी कितीही मोठी असो, साखळी टिकत नाही. न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनमध्येच खर्ची पडतात. ७ आणि १२ या दोन आकड्यांमधलं अंतर ही या टाकीची खरी भिंत होती, आणि ते अंतर कमी करणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. पाणी उडून गेलं की तीव्रता वाढते. आम्ल कमी पडलं की युरेनियमचा साका खाली बसू लागतो. द्राव थंड झाला की क्षारांचे स्फटिक धरतात. सरासरी तीव्रता ७ असूनही तळाच्या गाळात ती कितीतरी जास्त असू शकते. म्हणून असा द्राव सतत ढवळावा लागतो, उबदार ठेवावा लागतो, आणि नमुना फक्त वरच्या थरातून घेऊन भागत नाही, तळातूनही घ्यावा लागतो.

दुसरी डोकेदुखी हायड्रोजनची. किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटत राहतात आणि हायड्रोजन सुटतो. टाकीवर हवा खेळती असेपर्यंत तो वाहून जातो. वायुवीजन बंद पडलं की हवेतलं त्याचं प्रमाण ४ टक्क्यांकडे, म्हणजे पेट घेण्याच्या मर्यादेकडे सरकतं.

हे सगळं वर्षानुवर्षं, दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही सांभाळायचं. त्यात मॉलिब्डेनमचं उत्पादन ऑक्टोबर २०१६ अखेर थांबणार आणि भट्टी ३१ मार्च २०१८ ला कायमची बंद होणार हे ठरलं होतं. भट्टी बंद झाल्यावर तिच्याभोवतीची माणसं, प्रयोगशाळा, हॉट सेल हळूहळू पांगतात. देखरेख मागणारी टाकी आणि पांगत जाणारं मनुष्यबळ हे जोडपं टिकणारं नव्हतं. याखेरीज शस्त्र-दर्जाच्या युरेनियमचा साठा म्हणून पहाऱ्याचा खर्च वेगळा होताच.

विचारात घेतलेले पर्याय

टाकी आहे तशी ठेवणं हा पर्याय कागदावर सर्वांत स्वस्त. वेळ गेल्याचा एक फायदाही झाला होता. शेवटची भर २००३ ची असल्यामुळे अल्पायुषी किरणोत्सारी पदार्थ संपून गेले होते. उरलेला किरणोत्सार मुख्यतः साधारण ३० वर्षं अर्धायुष्याच्या सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचा होता. उष्णता आणि हायड्रोजन दोन्ही घटले होते. पण इथून पुढे वाट पाहून फारसं काही मिळणार नव्हतं, कारण ३० वर्षांनीही निम्मं उरणारच होतं आणि टाकी मात्र म्हातारी होत जाणार होती.

दुसरा पर्याय सगळा द्राव सिमेंटमध्ये घट्ट करण्याचा. त्याची सवय होतीच. गळतीची भीती संपते, पण ९३ टक्के समृद्ध युरेनियम सिमेंटमध्येही ९३ टक्केच राहतं. पहारा चालू ठेवावा लागतो, आणि पुढे कुणाला ते युरेनियम परत काढायचं असेल तर आधी सिमेंट फोडून आम्लात विरघळवण्याचा नवा, महागडा खटाटोप करावा लागतो. एका अडचणीवर झाकण घालायचं आणि दुसरी कायमची करून ठेवायची, असा हा मार्ग.

तिसरा पर्याय जागच्या जागी समृद्धी उतरवण्याचा, ज्याला या धंद्यात डाउनब्लेंडिंग म्हणतात. नैसर्गिक युरेनियमचा (०.७११ टक्के) द्राव मिसळायचा. ९३ टक्क्यांच्या १ किलोत ३.८५ किलो नैसर्गिक युरेनियम मिसळलं की ४.८५ किलो माल १९.७५ टक्क्यांवर येतो, म्हणजे अतिसमृद्ध ठरवणाऱ्या २० टक्क्यांच्या सीमेखाली. शस्त्राची चिंता इथेच मिटते. हा पर्याय काल्पनिक नव्हता. इंडोनेशियात सेर्पोंगला समस्थानिक बनवताना उरलेलं थोडं अतिसमृद्ध युरेनियम तिथल्या तिथे उतरवून २०१६ मध्ये तो देश अतिसमृद्ध युरेनियममुक्त झाला. तिथे माल काही किलोंचा होता. इथे शंभरपट, शिवाय उतरवल्यावरही विखंडनातले पदार्थ, पारा आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं काय करायचं हा प्रश्न तसाच उरणार होता. युरेनियम वेगळं काढणारा कारखाना कॅनडाकडे नव्हता.

द्रावाचं आधी ऑक्साइड पावडरमध्ये रूपांतर करून मग घन मालाची वाहतूक करायची, हाही विचार झाला. वाहतुकीसाठी घन रूप नक्कीच बरं. पण त्या एका कामासाठी जाड शिशाच्या आणि काँक्रीटच्या आडोशामागचं संपूर्ण नवं संयंत्र उभारावं लागलं असतं, आणि काम संपल्यावर ते संयंत्रही किरणोत्सारी भंगार म्हणून मोडीत काढावं लागलं असतं.

शेवटचा पर्याय: द्राव द्रवरूपातच अमेरिकेला, दक्षिण कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर साइटला परत पाठवायचा. तिथे एच-कॅन्यन नावाचा सुमारे ३०० मीटर लांबीचा, १९५५ पासूनचा पुनर्प्रक्रिया कारखाना, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम वेगळं काढणारा कारखाना, आहे.

निर्णय आणि त्यामागचं कारण

मार्च २०१२ मध्ये दक्षिण कोरियात सोल इथे झालेल्या अणुसुरक्षा शिखर परिषदेत कॅनडाने हा माल अमेरिकेला परत करण्याची घोषणा केली. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एच-कॅन्यनमध्ये तो घेण्याच्या निर्णयावर शिक्का मारला. प्रक्रियेचा खर्च कॅनडाने द्यायचा ठरलं. जाहीर झालेला आकडा सुमारे ६ कोटी अमेरिकन डॉलरचा होता.

बाहेरून हा राजनैतिक निर्णय दिसतो. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर तो आणखी भक्कम वाटतो. एच-कॅन्यनचं रोजचं काम म्हणजे अ‍ॅल्युमिनियममधलं अतिसमृद्ध इंधन नायट्रिक आम्लात पाऱ्याच्या मदतीने विरघळवणं. म्हणजे चॉक रिव्हरचा द्राव हा त्या कारखान्याच्या दृष्टीने विरघळवण्याची पायरी आधीच पार करून आलेला माल होता. पारा इतर कुठल्याही संयंत्राला डोकेदुखी झाला असता. इथे तो ओळखीचा होता. आणि अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट, जे टाकीत नुसतं ओझं होतं, ते इथे उपयोगी पडतं: द्रावात नायट्रेट क्षार भरपूर असले की युरेनियम पाण्यातून सेंद्रिय द्रावकाकडे अधिक जोराने ढकललं जातं. हेच युरेनियम सिमेंटमध्ये असतं तर यातलं काहीच लागू पडलं नसतं.

विरोध

द्रव माल नेण्याला विरोध झाला आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. विखंडनातल्या पदार्थांसह अतिसमृद्ध युरेनियमचा द्राव ट्रकने सार्वजनिक रस्त्यांवरून, पुलांवरून, नद्यांच्या काठाने शेकडो शहरांजवळून नेण्याचा अनुभव नाही, असं विरोधकांचं म्हणणं होतं. घन माल सांडला तर गोळा करता येतो, द्रव नदीत गेला तर येत नाही, हा मुद्दा साधा आणि बिनतोड आहे. इंडोनेशियाचा दाखला त्यांनीच पुढे केला: तिथे जागेवर उतरवता येतं तर इथे का नाही? बफलो-नायगारा भागातल्या लोकप्रतिनिधींनी सीमेवरच्या पुलांचा प्रश्न लावून धरला.

ऊर्जा खात्याने नवा सविस्तर पर्यावरण परिणाम अहवाल न करता जुन्या अहवालांना पुरवणी विश्लेषण जोडलं होतं. पर्यावरण संघटनांनी ऑगस्ट २०१६ मध्ये यावरच बोट ठेवून वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. २ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल खात्याच्या बाजूने लागला.

केलेली कार्यवाही: भरणं आणि नेणं

वाहतुकीसाठी निवडलेलं पिंप नवं नव्हतं. वापरलेलं भट्टीचं इंधन नेण्यासाठी अनेक वर्षं चालत आलेलं, शिशाचा जाड थर असलेलं एनएसी-एलडब्ल्यूटी हे पिंप. त्याच्या आत बसतील अशी द्रावासाठीची चार स्टेनलेस स्टीलची भांडी मात्र नव्याने आखावी लागली. अशा पिंपांना ९ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर आपटणं, मीटरभर उंचीवरून लोखंडी खुंटावर पाडणं, ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटं आणि मग पाण्यात बुडणं, एवढ्या परीक्षा सोसाव्या लागतात. पण द्रावाने काही नवे प्रश्न उभे केले, जे घन इंधनाला कधी विचारावे लागले नव्हते.

भांडं काठोकाठ भरता येत नाही. प्रत्येकी ६४ लिटरच्या आसपास क्षमतेच्या भांड्यात ५८ लिटर द्रावच भरायचा ठरला. वरची मोकळी जागा दोन कामांची. थंडीत द्राव गोठून फुगला तर त्याला जागा हवी, आणि बंद भांड्यात जमणारा हायड्रोजन पातळ राहायला हवा. वाहतुकीला किती दिवस लागू शकतात, वाटेत ट्रक अडकला तर किती, हे धरून हायड्रोजनचा हिशेब करावा लागतो. म्हणजे भांडं बंद केल्याची वेळ लिहून ठेवणं हीसुद्धा सुरक्षेची पायरी ठरते.

साखळी अभिक्रियेचा हिशेबही पुन्हा मांडावा लागला. एका भांड्यात ५८ लिटर गुणिले ७ ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास युरेनियम. चार भांडी मिळून १.६ किलो, म्हणजे किमान क्रांतिक वस्तुमानाच्या (साखळी पेटू शकणाऱ्या त्या ८०० ग्रॅमच्या) दुप्पट. वस्तुमानावर मर्यादा घालून इथे भागत नाही. भरवसा तीव्रतेवर ठेवावा लागतो, म्हणून भरण्याआधीचा प्रत्येक नमुना आणि ढवळणीची प्रत्येक नोंद महत्त्वाची. ढवळणी अपुरी झाली तर सुरुवातीच्या खेपा पातळ आणि शेवटच्या घट्ट निघतात, आणि टाकीच्या तळाशी पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

एका फेरीत चार भांडी, म्हणजे २३२ लिटर. २३,००० ला २३२ ने भागलं की ९९. शंभरेक फेऱ्या, प्रत्येक फेरी दोन देशांतून, सशस्त्र बंदोबस्तात, मार्ग आणि तारीख गुप्त ठेवून. पहिली फेरी एप्रिल २०१७ मध्ये सव्हाना रिव्हरला पोचली. घोषणेपासून पहिल्या ट्रकपर्यंत पाच वर्षं गेली. त्यातला मोठा भाग भांड्यांची आखणी, परीक्षणं आणि दोन्ही देशांच्या नियामकांच्या मंजुऱ्या यांत गेला, न्यायालयात फक्त अर्धं वर्ष.

कॅन्यनमध्ये युरेनियम वेगळं कसं होतं

द्राव टाकीत घेतल्यावर आम्लाचं प्रमाण जुळवतात आणि तो ट्रायब्युटिल फॉस्फेट हे युरेनियम पकडणारं रसायन मिसळलेल्या केरोसीनसारख्या द्रावकाशी मिक्सर-सेटलर नावाच्या पेट्यांच्या रांगेत घुसळतात. युरेनियम द्रावकात जातं. सीझियम, स्ट्रॉन्शियम, अ‍ॅल्युमिनियम, पारा पाण्यात राहतात. सर्वसाधारण पुनर्प्रक्रियेत ट्रायब्युटिल फॉस्फेट ३० टक्के असतं. अतिसमृद्ध मालासाठी एच-कॅन्यनमध्ये ते ७.५ टक्क्यांवर ठेवतात, जेणेकरून द्रावकात एका जागी जास्त युरेनियम साठूच नये. क्षमता जाणूनबुजून कमी ठेवून सुरक्षितता विकत घ्यायची, हा या कामातला मला सर्वांत पटणारा निर्णय. मग पातळ आम्लाने युरेनियम परत पाण्यात उतरवतात आणि शुद्ध करण्यासाठी हीच फेरी पुन्हा करतात.

शुद्ध द्रावात नैसर्गिक युरेनियम मिसळून समृद्धी ४.९५ टक्क्यांवर आणायची. गणित असं: (९३ वजा ०.७११) भागिले (४.९५ वजा ०.७११), म्हणजे २१.८. एका किलोचे जवळपास बावीस किलो. ठरलेली वाट अशी की हे विजेच्या भट्टीचं इंधन व्हावं. सव्हाना रिव्हरमध्ये उतरवलेल्या युरेनियमचं इंधन टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात आधीपासून वापरलं गेलं होतं. मागे राहिलेले किरणोत्सारी पदार्थ त्या आवारातल्या भूमिगत टाक्यांत जातात आणि पुढे काचेत बंदिस्त होतात. तिथलं काच-संयंत्र १९९६ पासून चालू आहे.

न फुटता न्यूट्रॉन गिळलेल्या युरेनियम-२३५पासून बनणाऱ्या युरेनियम-२३६ची थोडी भेसळ मागे राहतेच. ते न्यूट्रॉन गिळतं, त्यामुळे तेवढीच वीज मिळवायला युरेनियम-२३५ किंचित जास्त ठेवावं लागतं. इथे टार्गेट फार जळलेले नव्हते, म्हणून हा दंड लहान. वापरून झालेल्या संशोधन भट्टीच्या इंधनात तो बराच मोठा असतो.

निष्पत्ती

शस्त्र-दर्जाच्या द्रवाचा साठा चॉक रिव्हरमधून हलवण्याची वाट मोकळी झाली आणि कॅनडाच्या माथ्यावरची, एरवी पिढ्यान्‌पिढ्या चालली असती अशी देखरेखीची जबाबदारी हलकी झाली. पुनर्वापराचा आर्थिक फायदा किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १६० किलोचं ४.९५ टक्क्यांचं इंधन होतं साडेतीन टनांच्या आसपास. १,००० मेगावॅटच्या एका भट्टीत दरवर्षी वीसेक टन इंधन बदलतात. म्हणजे एका भट्टीच्या एका वर्षाचा सहावा हिस्सा. पैशासाठी हे कुणी केलं नसतं. पुनर्वापर हा इथे सुरक्षिततेचा मार्ग होता, आणि जमाखर्च त्याच नजरेने मांडायला हवा.

दुसरी बाजू अशी की किरणोत्सार नाहीसा झाला नाही, त्याने पत्ता बदलला. ओंटारिओतला सीझियम दक्षिण कॅरोलायनातल्या टाक्यांत गेला, जिथे आधीच शीतयुद्धाच्या काळातलं खूप मोठं ओझं आहे. तिथल्या रहिवाशांची तक्रार मला रास्त वाटते. आणि २००३ नंतर सिमेंटमध्ये घातलेलं युरेनियम या वाटेने जाऊ शकलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खरा निर्णय २०१२ चा नव्हताच. तो १९८६ मध्ये, पहिली बादली टाकीत ओतताना झाला, आणि दुसरा २००३ मध्ये सिमेंट कालवताना. दोन्ही वेळी ‘पुढे बघू’ असं ठरलं. त्याच वेळी, दर काही महिन्यांच्या मालामागे थोडं नैसर्गिक युरेनियम मिसळून समृद्धी उतरवत गेले असते तर कॅनडात अतिसमृद्ध साठा कधी तयारच झाला नसता. मोठ्या टाकीत एकदम मिसळणं अवघड, रोजच्या लहान मालात मिसळणं सोपं. प्रक्रिया एकच, पण तीस वर्षांनी करताना ती शंभरपट जड होते.

२००३ ला सिमेंटचा पर्याय निवडताना ‘हे पुन्हा काढावं लागेल का?’ हा प्रश्न विचारायला हवा होता. सिमेंट हे शेवटच्या विल्हेवाटीचं रूप आहे. ज्यातला ९७ टक्के माल वापरण्याजोगा आहे त्यावर ते चढवणं घाईचं ठरलं.

भांड्यांची आखणी घोषणेनंतर सुरू झाली. टाकी चालू असतानाच वाहतुकीचं भांडं मंजूर करून ठेवलं असतं, तर घोषणा आणि पहिला ट्रक यांमधलं अंतर बरंच कमी झालं असतं. आणि पूर्ण पर्यावरण अहवाल केला असता तर वेळ गेला असता, पण रस्त्याकडेच्या गावांना आकडे हातात मिळाले असते. न्यायालयात जिंकणं आणि लोकांची खात्री पटणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

इतरांनी यातून काही उचललेलं दिसतं. अमेरिकेने २०१३ च्या कायद्यानुसार समस्थानिक बनवणाऱ्यांना कमी समृद्ध युरेनियम भाड्याने द्यायची आणि वापरून झाल्यावर, विल्हेवाटीची दुसरी वाट नसेल तर, उरलेला कचरा परत घ्यायची योजना केली, म्हणजे शेवटचा मुक्काम पहिल्याच करारात. बेल्जियममध्ये मोल इथल्या अणुसंशोधन केंद्राने रेकुमो नावाचा प्रकल्प हाती घेतला आहे, ज्यात फ्ल्यूरुसच्या समस्थानिक कारखान्याच्या अवशेषांची समृद्धी उतरवून, ते शुद्ध करून पुन्हा वापरात आणायचे आहेत.

कमी समृद्ध टार्गेट वापरले की हा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. शस्त्राचा प्रश्न सुटतो, उरलेल्या द्रावाचा नाही. तेवढ्याच मॉलिब्डेनमला २० टक्क्यांखालचं युरेनियम साधारण पाचपट लागतं, म्हणजे विरघळवायचा, गाळायचा आणि साठवायचा मालही वाढतो, आणि युरेनियम-२३८पासून बनणारं प्लुटोनियमही कित्येक पट होतं.

आपल्याकडे ट्रॉम्बेत ध्रुव भट्टीत मॉलिब्डेनम बनतो तो बराचसा नैसर्गिक मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉन मारून. त्यात युरेनियमचा अवशेष उरतच नाही, पण प्रति ग्रॅम किरणोत्सार कमी मिळतो. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीत संशोधन भट्टी उभारण्याचं जाहीर केलं. विखंडनाचा मार्ग धरला तर भारताच्या हाती एक गोष्ट आहे जी कॅनडाच्या हाती नव्हती: ट्रॉम्बे आणि तारापूरचा पुनर्प्रक्रियेचा अनेक दशकांचा अनुभव. ट्रॉम्बेने तर किरणोत्सारी कचऱ्यातला सीझियम वेगळा काढून रक्तपिशव्यांवर किरण टाकणाऱ्या यंत्रांसाठी त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवून दाखवल्या आहेत. अशा प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यात टार्गेटचा आकार ठरवण्याच्या पानाशेजारीच तीन आकडे असावेत: दर आठवड्याला उरणाऱ्या द्रावाचे लिटर, त्यातली लिटरमागची युरेनियमची तीव्रता, आणि तो द्राव कोणत्या संयंत्रात, किती दिवसांच्या आत जाईल.